मशीन ओके म्हणालं, तुम्ही काय म्हणता?

(शारजात सुट्टीच्या दिवशी जमलेल्या मंडळींसमोर झालेलं बोलणं. लिहून काढताना जरा नीट केलंय, बाकी बोललो तसंच.)

जेवणं झालीत, खोली लहान आहे, एसी जुना आहे, म्हणून थोडक्यात आटपतो. मला ओळखणारे आत्ताच हसायला लागलेत.

मला सांगितलं, एआयवर बोला. म्हटलं, मी स्कॅफोल्डिंगचा फोरमन, पाइप आणि क्लॅम्पमध्ये आयुष्य गेलं, मी काय एआयवर बोलणार? २००३ साली खेडहून दुबईला आलो तेव्हा घरी फोन करायला कार्ड विकत घ्यायचो. आईचं 'जेवलास का' विचारून होईपर्यंत कार्ड संपायचं. आता माझ्या खोलीतला पोरगा रात्री पांघरुणात फोनशी मराठीत बोलतो आणि फोन त्याला मराठीत उत्तर देतो. चॅटजीपीटी आलं २०२२ च्या नोव्हेंबरात. बघता बघता कॅम्पात पोचलं पण.

मग वाटलं, बोललं पाहिजे. कारण ही वस्तू ऑफिसातल्या साहेबांइतकीच आपल्याही अंगावर आलेली आहे. गेटवर चेहरा बघून हजेरी लावणारं मशीन, साइटवरचे कॅमेरे, बाइकवाल्या पोरांना कुठली ऑर्डर द्यायची ते ठरवणारं अ‍ॅप, क्लिनिकमध्ये आपलं दुखणं डॉक्टरला सांगणारा फोन. या सगळ्यांबरोबर काम करताना आपल्या अकलेची किंमत काय, एवढंच मला बोलायचंय. किंमत म्हणजे दिरहममधली पण, आणि जिवाची पण.

साइटवरची गोष्ट आधी सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही.

आमच्याकडे कॅमेरे बसवले. हेल्मेट आहे का, जॅकेट आहे का, हार्नेसचा हुक लावलाय का, हे कॅमेरा बघतो. सेफ्टीच्या केबिनमध्ये स्क्रीन. माणसाभोवती चौकोन येतो, सगळं बरोबर असलं तर हिरवा, नसलं तर लाल. एका सकाळी मी खालून वर बघत होतो. तिसऱ्या लिफ्टवर एक नवीन पोरगा, गोरखपूरकडचा, येऊन दोन महिने झालेले. हुक लावलेला होता, पण भिंतीवरून गेलेल्या कंड्युटला. इलेक्ट्रिकवाल्यांचा वायर घालायचा पाइप. मी ओरडलो. तो वरून म्हणतो, "उस्ताद, हरा है, पूछ लो."

खरंच हिरवा होता. मी वर चढलो आणि त्याच्यासमोर तो पाइप हाताने ओढला. दोन स्क्रूवर बसलेली पट्टी प्लगसकट बाहेर आली. माझ्या एका हाताने. तिथे सत्तर किलोचा माणूस लटकणार होता. अमेरिकेतल्या बांधकामाच्या नियमात हुक जिथे लावायचा त्या जागेने एका माणसामागे ५००० पौंड पेलले पाहिजेत, म्हणजे सव्वादोन हजार किलोच्या वर. इतकं का, तर पडणारा माणूस झटका देतो, नुसतं वजन देत नाही.

संध्याकाळी सेफ्टीवाल्याने मला रिपोर्ट दाखवला. हुक लावण्याचं प्रमाण १०० टक्के. तो खोटं बोलत नव्हता, चांगला मुलगा आहे तो. कॅमेरापण खोटं बोलत नव्हता. हुक कशात तरी अडकलाय का, एवढंच त्याला शिकवलेलं. ज्यात अडकलाय ते माणूस पेलेल का, हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता. तो प्रश्न माझ्या डोक्यात का आला? कारण असले पाइप मी हाताळलेत, पट्ट्या उखडताना पाहिल्यात, आणि एकदा शारजाच्याच साइटवर एक माणूस पडताना पाहिलाय. ते नंतर कधीतरी सांगेन, आज नको.

आता दुसरी बाजूपण सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा मशीनच्या विरोधात आहे. त्याच कॅमेऱ्याने एकदा मला पकडलं. चार फूट सरकायचं होतं, हुक काढला आणि लावायचा राहिला. केबिनमधून फोन आला. मी चिडलो, म्हटलं बावीस वर्षं झाली मला. पण खाली बघितलं तर हुक कमरेला लोंबत होता. कॅमेरा बरोबर, मी चूक. तेव्हा माझ्या बोलण्याचा अर्थ 'आपलंच खरं' असा घेऊ नका. मशीनने लाल दाखवलं तर थांबायचंच. हिरवं दाखवलं तर मात्र स्वतः बघायचं.

उन्हाचं तसंच आहे. इथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम बंद. कतारमध्ये १ जूनपासून सकाळी दहा ते साडेतीन बंद, आणि २०२१ पासून तिथे आणखी एक नियम आहे: ऊन, दमटपणा, वारा सगळं मिळून मोजणारा जो आकडा असतो तो ३२.१ च्या वर गेला की घड्याळात काहीही वाजलेलं असो, काम थांबवायचं. चांगला नियम आहे. पण समजा अकरा वाजलेत, अ‍ॅप ४० डिग्री दाखवतंय, सळईच्या जाळीवर भट्टी लागलीय आणि तुमच्या शेजारचा माणूस असंबद्ध बोलायला लागला. कुठे आहोत विचारलं तर भलतंच सांगतोय, पाय लटपटतायत. अशा वेळी घड्याळ आणि अ‍ॅप खिशात ठेवा. ती उष्माघाताची खूण आहे. त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, पाणी ओता, वारा घाला, अँब्युलन्स बोलवा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. घाम येतोय म्हणजे ठीक आहे असंही समजू नका. काम करता करता लागलेल्या उष्माघातात घाम चालू असू शकतो. रोज त्याच्या शेजारी जेवणारा माणूसच सांगू शकतो की हा असा बोलत नाही, याचं काहीतरी बिघडलंय.

आता कागदाकडे येतो. कारण आपले खरे घोटाळे कागदावर होतात.

पाच जणांचा दोन महिन्यांचा पगार थकलेला. तक्रार करायची ठरली. त्यातल्या एकाने व्हॉट्सअ‍ॅपचे सगळे मेसेज एआयला दिले आणि म्हणाला, इंग्रजीत तक्रार लिहून दे. दोन पानं आली, अशी सुंदर की वकिलाने लिहिल्यासारखी. पाचही जणांनी सह्या केल्या. जमा करायच्या आदल्या रात्री माझ्याकडे आणली, 'काका, नुसती नजर टाका.' माझं इंग्रजी तुम्हाला माहीत आहे, मी बोट ठेवून एकेक ओळ वाचतो. एका ओळीवर बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं की १२ तारखेला कंपनीने आम्हाला कळवलं की पगार दोन दिवसांपूर्वी झालेला आहे.

मी विचारलं, पगार झाला होता का? म्हणाले, नाही हो काका, त्यासाठीच तर तक्रार. म्हटलं, मग तुमच्याच सहीने झाला असं का लिहिलंय?

मूळ मेसेज शोधला. टाइमकीपर सांगलीकडचा, आपलाच माणूस. त्याने ग्रुपवर दोनच शब्द टाकले होते: 'पगार परवा.' आता मला सांगा, परवा म्हणजे कधी? परवा गावाला गेलो होतो तो परवा, आणि परवा येतो म्हणाला तोही परवा. मागचाही आणि पुढचाही. त्या ग्रुपमधल्या एकालाही शंका आली नव्हती, कारण पगार थकलाय हे प्रत्येकाला माहीत होतं. मशीनला एकीकडे उडी मारायची होती, त्याने मागे मारली. 'कुठला परवा?' असं विचारलं नाही. चूक करताना त्याचा आवाज कापत नाही, मंडळी, हीच अडचण आहे. माणूस अंदाजाने बोलतो तेव्हा चेहऱ्यावर दिसतं. मशीनचं बरोबर वाक्य आणि चुकीचं वाक्य सारख्याच ऐटीत येतं.

ती ओळ बदलली. १२ तारखेला सांगण्यात आलं की १४ तारखेला पगार होईल, तो झाला नाही, असं सरळ लिहिलं. बँकेचं स्टेटमेंट जोडलं. इथे २००९ पासून पगार डब्ल्यूपीएसमधून जातो, म्हणजे आला की नाही याची नोंद राहते, तिचा फायदा घ्या. पैसे आले पुढे. वेळ लागला, पण गणपतीच्या आधी आले.

तेव्हापासून मी पोरांना एक युक्ती सांगतो. एआयने इंग्रजीत लिहून दिलं की तेच इंग्रजी दुसऱ्या अ‍ॅपमध्ये टाकून परत मराठी करा आणि मोठ्याने वाचा. आपण बोललो होतो तेच आहे का बघा. क्लिनिकमध्ये तर नक्कीच. 'छातीत कळ येते' मधली कळ म्हणजे दुखणंही आणि बटणही. फोनवर बोलून झालं की हात छातीवर ठेवून दाखवा, लाजू नका.

कायद्याचा प्रश्न विचारताना तर फारच जपा. माझ्या गावाकडचा एक मुलगा, चार वर्षं एका कंपनीत, बेसिक १२०० दिरहम. राजीनामा दिला. ग्रॅच्युइटी किती, एआयला विचारलं. उत्तर आलं २,२४० दिरहम, पायऱ्या पायऱ्यांचा हिशेब मांडून. कंपनीच्या माणसानेही तोच आकडा पुढे केला. योगायोग असेल. मुलगा सही करायला निघाला होता.

हिशेब आपण इथेच करू. अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा बेसिक. चार वर्षांचे ८४ दिवस. १२०० भागिले ३०, दिवसाला ४०. चौऱ्याऐंशी गुणिले चाळीस, ३,३६०. मग २,२४० कुठून आले? जुन्या कायद्यात स्वतःहून राजीनामा दिला तर तीन ते पाच वर्षांवाल्याला दोन-तृतीयांशच मिळायचे. तो नियम नवीन कायद्याने गेला. २०२१ चा ३३ नंबरचा कायदा, २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू. वर्ष पूर्ण झालेलं असेल तर राजीनाम्यामुळे कापत नाहीत. मशीनने वाचलेल्या ढिगात जुनी पानंही होती आणि नवीही, त्याने जुनं उचललं. मी त्या मुलाला म्हटलं, त्याला सांग, २०२१ चा कायदा बघ. त्याने सांगितलं. लगेच माफी मागितली आणि ३,३६० केले! १,१२० दिरहमचा फरक, म्हणजे त्याचा जवळजवळ महिन्याचा बेसिक. सही आधी झाली असती तर ती माफी घेऊन तो काय करणार होता?

आणि हाच प्रश्न सौदीतल्या भावाने विचारला तर उत्तर आणखी वेगळं. तिथे पहिल्या पाच वर्षांना अर्ध्या महिन्याचा पगार धरतात, आणि दोन ते पाच वर्षांत स्वतः सोडलं तर त्याचा एक-तृतीयांश. ओमानमध्ये २०२३ च्या कायद्यापासून वर्षाला एक महिन्याचा बेसिक. तेव्हा विचारताना देश सांगा, राजीनामा की काढलं ते सांगा, बेसिक सांगा, आणि कुठल्या सालचा कायदा धरलास ते त्याला उलट विचारा. मग तो कागद घेऊन माणसाकडे जा. मंत्रालयाच्या कॉल सेंटरवर, नाहीतर दुबईत आपलं प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्र आहे तिथे. दावा लावायची मुदत इथे आधी एक वर्ष होती, २०२४ च्या दुरुस्तीने नोकरी संपल्यापासून दोन वर्षं झाली. तुमच्या फोनला ते कळलं असेलही, नसेलही.

आता हजेरी. आमच्याकडचा एक प्लास्टरवाला, दाढ सुजलेली, गाल असा फुगलेला, त्यावर सिमेंटची पूड. गेटवरच्या मशीनने तीन दिवस ओळखलंच नाही. वॉचमनने हाताने गेट उघडून आत सोडलं, काम झालं, आणि महिन्याअखेर तीन दिवस गैरहजर. ऑफिसात गेला तर उत्तर, "सिस्टीममध्ये तू नाहीस." तो समोर उभा होता हो! शेवटी उपयोगाला काय आलं, तर टूलबॉक्स टॉकचं रजिस्टर. तिन्ही सकाळी त्याची सही होती, वाकडीतिकडी, पण होती. पैसे परत मिळाले.

'सिस्टीम दाखवते' या वाक्याची ताकद किती असते ते ब्रिटनमधल्या पोस्टवाल्यांना विचारा. ते एआय नव्हतं, साधं हिशेबाचं सॉफ्टवेअर होतं, होरायझन नावाचं. गावोगावची छोटी पोस्ट ऑफिसं चालवणारी माणसं, त्यात आपल्या भारतीय वंशाची कितीतरी. १९९९ पासून कंप्युटर दाखवायला लागला की गल्ल्यात पैसे कमी आहेत. माणसं म्हणत होती, आम्ही घेतले नाहीत. उत्तर मिळायचं, बाकी कुणाची तक्रार नाही, तुम्हालाच कसं होतं? २०१५ पर्यंत नऊशेच्या वर लोकांना चोरी नाहीतर हिशेबातल्या लबाडीबद्दल दोषी ठरवलं. काही तुरुंगात गेले, काहींनी घरं विकून न घेतलेले पैसे भरले. तिथल्या कायद्यात कंप्युटर बरोबरच चालतो असं धरून चालायची रीत होती, आणि चुकला हे दाखवायचं ओझं बिचाऱ्या पोस्टमास्तरवर. २०१९ मध्ये कोर्टाने सांगितलं की सॉफ्टवेअरमध्येच दोष होते. शिक्षा सरसकट रद्द करायला २०२४ साली पार्लमेंटला वेगळा कायदा करावा लागला. तोवर काही माणसं मरूनही गेली होती.

मला त्यातली एक गोष्ट फार लागते. प्रत्येकाला सांगितलं होतं की असं फक्त तुझ्याच बाबतीत होतंय. आणि प्रत्येकाने ते खरं धरलं, एकमेकांना भेटेपर्यंत. म्हणून खोलीत बोलत जा. तुझे तीन दिवस कापले तर दुसऱ्याचे दोन कापले असतील. लाज कसली त्यात?

आणि खिशात डायरी ठेवा. तारीख, साइट, किती वाजता आत, किती वाजता बाहेर, फोरमन कोण. रोज दोन ओळी. मराठीत चालेल. कुणी म्हणालं सिस्टीम दाखवते, तर भांडू नका. शांतपणे विचारा, "साहेब, सिस्टीमचं बघून हे कोणी ठरवलं? त्यांचं नाव काय? मला त्यांना भेटायचंय." युरोपियन संघाने २०२४ साली एआयचा कायदा केला, त्यात नोकरीला घेणं आणि कामगारांवर देखरेख करणं ही धोक्याची कामं धरलीत आणि त्यावर माणसाची नजर असलीच पाहिजे असं म्हटलंय. तो कायदा तिकडचा आहे. पण ठरवणाऱ्याचं नाव विचारायला इथे कोणी मना केलंय? नाव विचारलं की पुष्कळदा तोच माणूस कागद परत बघतो. मी पाहिलंय.

एक शेवटचं, कारण गावाकडून फोन येतात. पूर्वी खोट्या ऑफर लेटरचं इंग्रजी मोडकं असायचं, त्यावरून ओळखू यायचं. आता ते पण एआय लिहितं, एक चूक सापडायची नाही. म्हणून भाषेवरून पारख करायची सवय सोडा. भावाला, भाच्याला सांगा: एजंटचा लायसन्स नंबर ई-मायग्रेट पोर्टलवर बघ, आणि नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी याच्यापेक्षा जास्त घेता येत नाहीत. लाख-दीड लाख मागितले की लेटर कितीही गुळगुळीत असो, उठून यायचं. आणि पासपोर्टचे, बताक्याचे फोटो कुठल्याही एआयमध्ये टाकू नका, नंबर झाका आणि मग टाका.

हां, चहा आला. मागच्या वेळी ज्यांना सांगितलं होतं त्यांनी कागद आणलेत का? एआयने लिहिलेले असले तरी आणा, मीपण त्याच्याकडूनच लिहून घेतो. फक्त सही करू नका अजून. तुम्ही दोघं आधी या. पगाराची स्लिप काढा, आणि चष्मा कोणाकडे आहे? माझा खोलीवर राहिला.